देव, प्रथम उतरवणे

ज्या माणसाला गुवाहाटीपर्यंत माल बिनचूक पाठवता येतो, त्याने स्वतःचं घर तलासरीहून डहाणूला हलवायच्या भानगडीत पडू नये. हे मी अनुभवाने सांगतो आहे, आणि अनुभव अजून ताजा आहे.

मी तलासरीजवळच्या एका कारखान्यात डिस्पॅच सुपरवायझर आहे. एकही ट्रक माझ्या सहीशिवाय गेटबाहेर पडत नाही. कुठला खोका आधी चढवायचा, कुठला शेवटी, कुठला उलटा झाला तर कोणाची नोकरी जाईल, हे मला झोपेतसुद्धा कळतं. (झोपेत मी "मागे घे, मागे घे, बस बस बस!" असं ओरडतो, असं माझी बायको मनीषा सांगते. तिचा स्वभाव जरा वाढवून सांगण्याचा आहे. पण एकदा मी तिला उशी समजून मागे घेतलं होतं हे खरं.) तर मनीषाची बदली डहाणूच्या एका शाळेत झाली, तिथेच मसोलीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही फ्लॅट घेतला, आणि मी घरात जाहीर केलं की सामान हलवायचं काम माझ्यावर सोडा, तुम्ही कोणी बोट लावायचं नाही. मुलीने हे फारच मनावर घेतलं. तिने पुण्याहून फोन करून सांगितलं की तिची परीक्षा आहे.

राहता राहिली आई. आईने सत्तरी ओलांडली आहे, गुडघे कुरकुरतात आणि साखर वरखाली होत असते. तिची स्वतःची अशी एकच अट होती. नव्या घरात सगळ्यात आधी देव जायचे, अकराच्या आत जायचे, ते जागेवर बसायचे, मग गॅसवर दूध ठेवून ते उतू घालवायचं, आणि ते उतू जाईपर्यंत ती पाण्याशिवाय काही घेणार नाही. मी म्हटलं, आई, तुला साखरेचा त्रास, डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना, वेळेवर खायचं. आई म्हणाली, "डॉक्टरला घर बदलायचं नाहीये. देव वेळेवर पोचव, मी वेळेवर खाते." म्हणजे सगळं पुन्हा माझ्याच गळ्यात.

मग मी डोकं लावलं. घोलवडला मनीषाच्या भावाची, निलेशची, चिकूची वाडी आहे. त्याच्याकडे प्लॅस्टिकच्या क्रेटांची काय कमी! तो म्हणाला, "दाजी, खोके कशाला विकत आणता? क्रेट न्या हवे तेवढे. टेंपोपण न्या, लक्षाला पाठवतो." लक्षा म्हणजे त्याचा ड्रायव्हर. मी सगळं घर चिकूच्या क्रेटांत बसवलं. वर वर्तमानपत्राचा कागद, त्यावर सुतळीची आडवी-उभी गाठ, आणि प्रत्येक क्रेटवर कागद चिकटवून आत काय ते लिहिलेलं. मनीषा म्हणाली, घरात चालता येत नाही, जिकडे बघावं तिकडे चिकू बाजारात निघाल्यासारखे दिसताहेत. मी हसून सोडून दिलं. तिला यातलं काय कळतंय!

देवांचा क्रेट मी स्वतः भरला. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, खंडोबाचा टाक, समई, घंटा, सगळं आईच्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून. चारही बाजूंनी मोठ्या अक्षरांत कागद लावले: "देव. उलटे करू नये. प्रथम उतरवणे." आता आमच्या धंद्यात जे आधी उतरवायचं ते शेवटी चढवायचं असतं, दाराशी. त्यामुळे देव सगळ्यात शेवटी, अगदी मागच्या फाळक्याला लागून ठेवायचे, म्हणजे मसोलीला फाळका उघडला की पहिला हात देवांनाच लागेल. हे मी आईला आदल्या संध्याकाळी आकृती काढून समजावलं. आईने क्रेटवर हात फिरवून बघितला आणि विचारलं, यात आधी चिकू होते ना? मी म्हटलं, धुतलाय. ती म्हणाली, बरं. मी आकृतीची घडी करून खिशात घातली.

सकाळी आई आणि मनीषा शेजारच्यांच्या इको गाडीने पुढे मसोलीला गेल्या. आईच्या मांडीवर तिची कापडी पिशवी, मनीषाच्या मांडीवर गॅसची शेगडी आणि दुधाचं पातेलं. मी म्हटलं, जा, तुम्ही पोचून जरा टेकताय तोच देव येतीलच. मग लक्षाने टेंपो लावला, आम्ही माणसं घेऊन सामान चढवलं, शेवटी देव फाळक्याशी ठेवले. अजून थोडी जागा शिल्लक राहिली. मला फार समाधान वाटलं. जागा शिल्लक राहणं हे चांगल्या नियोजनाचं लक्षण असतं. लक्षाला मी तीनतीनदा सांगितलं की मध्ये कुठे थांबायचं नाही, आणि तो तीनतीनदा हो म्हणाला. मग मी मागे राहिलो, घर झाडलं, घरमालकाला किल्ली दिली, आणि मोटरसायकल काढून घोलवडच्या रस्त्याला लागलो.

घोलवडला चहाच्या टपरीवर टेंपो उभा दिसला. टेंपोच्या सावलीत लक्षा बशीत ओतून चहा पीत होता. मी चिडलो, पण आवाज चढवायच्या आधी सवयीने फाळक्याकडे नजर गेली. फाळक्याशी आमची लोखंडी खाट होती. तिच्यापुढे काहीही नव्हतं.

"लक्षा, इथला क्रेट कुठे?"

"कुठला दादा?"

"शेवटचा! देवांचा!"

लक्षाने बशी खाली ठेवली. मग त्याने जे सांगितलं ते असं. वाडीवरून येताना तिथल्या माणसाने हाक मारली. चिकू काढून ठेवले होते, जिथून माल बाहेरगावी जातो त्या शेडवर पोचवायचे होते, गाडीत जागा होतीच. (जागा होतीच! मीच ठेवली होती ना ती!) म्हणून चिकूचे क्रेट मागेच, त्या क्रेटच्या आजूबाजूला रचले. पुढे शेडवर थांबून उतरवले. उतरवणारी माणसं शेडची, त्यांनी फाळका उघडला आणि पुढ्यात जे क्रेट दिसले ते भराभर उतरवले. सगळे क्रेट एकाच रंगाचे, सगळ्यांवर कागद आणि सुतळी. लक्षा तेव्हा पावतीसाठी आत गेला होता.

"म्हणजे पहिला हात कुठल्या क्रेटला लागला?"

"जो फाळक्याला लागून होता त्याला," लक्षा म्हणाला.

माझ्या आयुष्यात एवढं चोख लोडिंग मी कधी केलं नसेल.

"आणि शेडवरचा माल कुठे जातो?"

"दिल्ली," लक्षा म्हणाला आणि उरलेला चहा प्यायला.

मी लक्षाला म्हटलं, तू सामान घेऊन मसोलीला हो पुढे, आणि तिथे तोंडातून एक शब्द काढलास तर बघ. मोटरसायकल वळवली. शेड फार लांब नव्हती, पण मला दर फर्लांगाला दिल्लीच्या मंडईत कोणी तरी बाळकृष्ण हातात घेऊन 'ये क्या भाव' विचारताना दिसत होतं. निम्म्या रस्त्यात फोन वाजला. आईचा. मी गाडी कडेला घेतली. तिला खरं सांगायची माझी काय बिशाद! उपाशीपोटी ऐकून तिथेच चक्कर येऊन पडायची.

"कुठे आहेस रे?"

"येतोय आई. काळजी करू नकोस. देव माझ्याजवळच आहेत."

पलीकडे पाण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"तुझ्याजवळ?"

"हो, अगदी पुढ्यात. मी स्वतः घेऊन येतोय."

आई म्हणाली, "बरं. मग घेऊनच ये त्यांना," आणि फोन ठेवला. माझी थाप पचली म्हणून मला हायसं वाटलं. वाटलं, अजून वेळ गेलेली नाही.

शेडपाशी ट्रक भरत होता. मी मोटरसायकल आडवी टाकून आत धावलो. भिंतीला लागून माणूसभर उंचीच्या थप्प्या, त्यातून आमचा क्रेट कसा शोधायचा या विचाराने घाम फुटला. पण शोधावा लागला नाही. शेडच्या मधोमध एक क्रेट पालथा घातलेला होता, त्यावर धुतलेलं पोतं अंथरलं होतं, आणि पोत्यावर आमचा क्रेट बसला होता. वर झेंडूचा हार. पुढे उदबत्ती, वाटीभर साखर आणि निवडून ठेवलेले उत्तम चिकू. चिकू निवडायला येणाऱ्या बायका हात जोडून उभ्या. त्यांच्यातल्या एकीने कागद वाचला होता आणि तेव्हापासून त्या बाजूला कोणी चपला घालून फिरकलं नव्हतं.

शेडचे मालक जयंतीभाई स्वतः टोपी घालून बसले होते. मी म्हटलं, शेठ, चुकून आला, माझा आहे, द्या. त्यांनी माझ्याकडे फार दुःखी नजरेने पाहिलं.

"चुकून? भगवान चुकून येत नाहीत. पोते चालीने आव्या, स्वतः चालत आले! एवढ्या वर्षांत ह्या शेडमध्ये कोण आला? इन्स्पेक्टर आला. भगवान पहिल्यांदा आले."

मी म्हटलं, मान्य आहे, पण घरी आई उपाशी आहे. ते म्हणाले, मग तर नीट निरोप द्यायला पाहिजे, आलेल्या देवाला कोणी गाठोडं उचलल्यासारखं उचलतं का? नारळ आणायला माणूस गेला आहे, आरती होईल, मग न्या. "आत कोण कोण छे?" त्यांनी हळूच विचारलं. मी यादी सांगितली. प्रत्येक नावाला सगळ्यांनी वेगळा नमस्कार केला.

नारळ आणायला गेलेला माणूस धाकट्या डहाणूपर्यंत गेला की काय देव जाणे. इकडे मनीषाचा फोन. "अहो, तुम्ही कुठे आहात? टेंपो आला, सामान चढतंय. आईंनी अजून चहासुद्धा घेतलेला नाही. हात थरथरताहेत त्यांचे. तुम्ही आधी या."

"देव घेतल्याशिवाय कसा येऊ?"

"कसले देव? अहो, ऐका तरी..."

"तू मला नियोजन शिकवू नकोस! आईला पाणी पाज, मी निघतोच आहे," असं म्हणून मी फोन बंद करून खिशात कोंबला. ती पुन्हा फोन करेल आणि जयंतीभाईंना वाईट वाटेल, ही भीती. आईचे थरथरणारे हात मात्र डोळ्यांपुढून हलेनात. मागे एकदा तिची साखर अशीच उतरली होती तेव्हा ती मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारत होती. मी जयंतीभाईंना म्हटलं, शेठ, पाया पडतो, उरका.

नारळ आला. फुटला. त्याचं पाणी आणि कुंकू क्रेटवर शिंपडलं, उरलेलं कुंकू माझ्या कपाळाला फासलं. आरतीचा मान माझा, कारण देव माझे. मला पहिलं कडवं येतं, पुढचं मी टाळ्यांवर नेतो. बायकांना सगळं येत होतं, त्यामुळे आरती थांबली नाही, उलट एकीतून दुसरी निघाली. ट्रकचा सरदारजी ड्रायव्हरही येऊन पाया पडला. मग मी क्रेट मोटरसायकलला बांधायला रबर काढला, तर सगळी शेड माझ्यावर उलटली. देव आणि कॅरिअरवर? रबराने? जयंतीभाईंनी त्यांचा माणूस मोटरसायकल चालवायला दिला, मला मागे बसवलं, आणि चौघांनी मिळून क्रेट माझ्या डोक्यावर ठेवला.

"वजन छे हां," जयंतीभाई गहिवरून म्हणाले. "जागृत देव आहेत."

मलाही ते जाणवलं. मानेत कळ आली, पण मन भरून आलं. इतकी वर्षं आई पुजायची, मी नुसता समोरून जाता-येता हात जोडायचो. म्हटलं, आज सेवा घडते आहे. या गडबडीत माझ्या चपला शेडच्या दारातच राहिल्या, आणि त्या घ्यायला मागे वळणं बरं दिसेना.

मसोलीला आमच्या बिल्डिंगची लिफ्ट पुढच्या महिन्यात चालू होणार आहे. (ती मागच्या महिन्यातही पुढच्या महिन्यात चालू होणार होती.) मी अनवाणी, कपाळभर कुंकू, डोक्यावर क्रेट, अशा थाटात जिना चढायला लागलो. पहिल्या मजल्यावरच्या नव्या शेजाऱ्यांनी दार उघडून पाहिलं आणि कागदावरची अक्षरं वाचून घाईघाईने हात जोडले. त्यांची लहान नात घंटा वाजवत माझ्या मागून आली. अकरा कधीच वाजून गेले होते. दारात पोचल्यावर मला धड श्वास घेता येत नव्हता.

"आई," मी म्हटलं, "देव आले."

आई स्वयंपाकघरात उलट्या बादलीवर बसली होती. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. तिने मला नखशिखान्त पाहिलं.

"कुठले?"

"कुठले म्हणजे? आपले!"

आई हळूच बाजूला सरकली. तिच्या मागे कट्ट्याच्या कोपऱ्यात पाट मांडलेला होता. पाटावर बाळकृष्ण होता. अन्नपूर्णा होती. गणपती, खंडोबाचा टाक, सगळे होते. समई लावलेली होती, आणि ती चांगली खालपर्यंत जळून आली होती.

"चिकूच्या डब्यातून मी माझे देव नेऊ?" आई म्हणाली. "कालच संध्याकाळी काढून माझ्या पिशवीत घेतले. तुला सांगितलं असतं तर तू परत आकृती काढली असतीस. मी इथे बाळकृष्णाला आंघोळ घालतेय, आणि तू फोनवर सांगतोस, देव माझ्याजवळ आहेत. म्हटलं, आता हा काय काय थापा मारतो ते बघू या."

मी क्रेट खाली ठेवला. शेजारीच बसलो. मग एकदम भडकलोच. म्हटलं, देव बसले, समई लागली, मग तू अजून उपाशी कशाला? दूध का नाही ठेवलंस? अकराच्या आत, अकराच्या आत म्हणून माझ्या डोक्याचा भुगा केलास!

"देव आले अकराच्या आत," आई म्हणाली. "पण ज्याचं घर आहे तो रस्त्यात. तुझ्यामाघारी दूध कोणासाठी उतू घालवू?"

सकाळपासून ती उपाशी होती ती देवांसाठी आहे असं मी धरून चाललो होतो, आणि ती बसली होती माझ्यासाठी. मला रडूच आलं. कपाळावरचं कुंकू घामाने डोळ्यांत गेलं होतं, त्यामुळे ते खपून गेलं. मी उठून गॅस पेटवला, पातेलं ठेवलं. दूध वर आलं, काठावरून ओघळलं, ज्योत फुरफुरली. आईने हात जोडले, आणि मनीषाने तिथल्या तिथे तिच्या हातात दुधाचा पेला आणि पोळीचा तुकडा दिला. दोन घोट गेल्यावर तिच्या चेहऱ्यावर रंग आला. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

आणि तेव्हाच मला प्रश्न पडला की मग मी डोक्यावरून आणलं काय? मी सुतळी तोडायला घेतली.

"अहो, तो नका उघडू," मनीषा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "देव काढल्यावर क्रेट रिकामा होता. म्हटलं, कशाला वाया... मी कागद काढला होता हो त्याच्यावरचा. एका बाजूचा. चारही बाजूंना असतील हे मला काय माहीत!"

सुतळी तुटली. कागद बाजूला झाला. आत माझे कारखान्याचे बूट होते. पुढे लोखंड बसवलेले, चांगले वजनदार, शेजारी मोजे. डाव्या बुटात झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या. उजव्याच्या टोकावर नारळाचं पाणी आणि कुंकू मिळून छान सुकलं होतं.

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मग स्वतःला आवरून तिने मला आधी आंघोळीला पिटाळलं आणि देवांपुढे नाक घासायला लावलं, ते बरोबरच होतं. संध्याकाळी जयंतीभाईंचा फोन आला. माल दिल्लीला निघाला, मन फार प्रसन्न आहे, आता दरवर्षी याच दिवशी देवांना शेडवर आणायचं, गाडी ते पाठवतील. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

दुसऱ्या दिवशी ड्युटी होती. चपला शेडवर, दुसरे बूट कुठल्या क्रेटात ते मलाच सापडेनात. दाराशी तो एकच जोड उभा. मी खाली बसून उजव्यावरचं कुंकू पुसायला फडकं घेतलं, तर आतून आईचा आवाज आला.

"पुसू नकोस. नारळ फुटलाय त्यांच्या नावाने, आरती झालीय. घालायच्या आधी नमस्कार कर."

मी जिन्यात वर-खाली पाहिलं. कोणी नव्हतं. मग केला.